डिंकाचे लाडू आणि माझा पासपोर्ट

“पिशवीत काय काय होतं?” पोलिसाने इंग्रजीत विचारलं.

“डिंकाचे लाडू,” मी मराठीत सांगितलं.

यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि पोलिसाला समजावू लागले, की हा खाण्याचा पदार्थ आहे, यात झाडाचा डिंक तुपात तळून घालतात, बाळंतिणीला देतात. पोलीस तरुण होता, सभ्य होता. त्याने मान डोलावून ‘मिठाई’ एवढंच लिहून घेतलं. मिरजेच्या घरात दोन दिवस खारीक कुटून माझे खांदे भरून आले होते. साठ लाडू होते, स्टीलच्या डब्यात, एकाला तडा नाही. आणि त्या सगळ्याची एका शब्दात मिठाई झाली.

“आणखी?”

“एक स्वेटर, औषधं,” हे म्हणाले, “आणि पासपोर्ट.”

“दोन्ही पासपोर्ट?”

“नाही. एक. माझ्या पत्नीचा.”

असं म्हणून यांनी शर्टाच्या आत हात घातला, गळ्यातली कापडी थैली बाहेर काढली आणि तिच्यातून स्वतःचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. कोरा करकरीत. कोपराही दुमडलेला नाही.

मी त्या पासपोर्टकडे बघतच राहिले. ट्राममधून उतरल्यावर हे “पासपोर्ट गेला, पासपोर्ट गेला” म्हणून ओरडले होते, तेव्हा मला वाटलं होतं, दोघांचेही गेले. गेला तासभर मी यांचीच समजूत घालत होते, की जाऊ द्या, जे दोघांचं होईल ते होईल.

हे इस्तंबूलमध्ये घडलं. अकरा वर्षं झाली त्याला. आम्ही निघालो होतो ॲबर्डीनला, म्हणजे स्कॉटलंडला, आमच्या केतकीच्या बाळंतपणासाठी. तिचे दिवस भरायला तीन आठवडे उरले होते. जावई, तन्मय, तिथे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो. तीन आठवडे समुद्रात, तीन आठवडे घरी. बाळंतपणाची तारीख नेमकी त्याच्या समुद्रातल्या पाळीत पडत होती. विमान इस्तंबूलला बदलायचंच आहे तर तीन दिवस ते शहर बघून पुढे जाऊ, ही कल्पना यांची. मला तिथलं काही बघायचं नव्हतं. मला माझ्या मुलीपाशी पोचायचं होतं.

विमानतळावर शिक्का मारून झाल्यावर यांनी माझ्या हातातला पासपोर्ट काढून घेतला होता. “दे इकडे, मी ठेवतो.” मी दिला. लग्न झाल्यापासून महत्त्वाची कागदपत्रं यांच्याकडे असतात, हे आमच्या घरात कोणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच होतं. मग मेट्रो, मग ट्राम. हे दोन सुटकेसी धरून उभे, मी लाडवांची पिशवी घेऊन. ट्राममध्ये दाटी झाली तेव्हा दांडा धरायला हात हवा म्हणून मी पिशवी पायाशी ठेवली. दोन थांब्यांनंतर खाली बघितलं तर पिशवी नाही.

पोलीस ठाण्यातून बाहेर आल्यावर मी फुटपाथवरच थांबले.

“माझा पासपोर्ट पिशवीत कसा गेला?”

“मीच ठेवला होता. बाजूच्या चेनमध्ये.”

“आणि तुमचा गळ्यात?”

“दोन्ही एका जागी ठेवू नयेत गं. साधा नियम आहे. एक गेला तर दुसरा राहतो.”

“मग माझा मला का नाही दिलात? माझ्या पर्समध्ये ठेवला असता.”

“तू वेंधळी आहेस.”

“बरं, पिशवीत ठेवलात तर ठेवलात, मला सांगितलं का नाहीत? मला वाटलं नुसते लाडू आहेत. पासपोर्ट आहे कळलं असतं तर मी पिशवी पायाशी ठेवली असती का?”

“सांगितलं असतं तर तू सारखी चेन चाचपत बसली असतीस. चोराला तेवढं पुरतं,” हे म्हणाले. “आणि काही झालं तरी पिशवी खाली ठेवलीस तू.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी मिरजेच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली अकरा वर्षं दहावीच्या बोर्डाची परीरक्षक होते. परीरक्षक म्हणजे बोर्डाकडून आलेले प्रश्नपत्रिकांचे सीलबंद गठ्ठे परीक्षेच्या सकाळपर्यंत सांभाळणारा माणूस. कपाटाची किल्ली कमरेला, सही माझी, जबाबदारी माझी. अकरा वर्षांत एका पाकिटाचं सील इकडचं तिकडे झालं नाही. सरकारने हजारो पोरांचं भवितव्य माझ्या कमरेला बांधलं होतं, आणि माझ्या नवऱ्याला माझा स्वतःचा पासपोर्ट माझ्या हातात द्यायची भीती वाटत होती.

हॉटेलवर पोचताच यांनी केतकीला फोन लावला. मी बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत होते. दार लोटलेलं होतं.

“अगं, आईने पिशवी ट्राममध्ये खाली ठेवली,” हे सांगत होते. “हो, त्यातच होता. नाही, ती ठीक आहे. रडतेय जरा.”

मी रडत नव्हते. मी टॉवेल पिळत होते, कोरडाच.

मी बाहेर येऊन फोन घेतला. केतकी म्हणाली, “आई, तू येशील ना गं?”

“येणार,” मी म्हटलं.

“नाही म्हणजे, नाही जमलं तर मी करीन काहीतरी. इथे नर्स घरी येते. पण तू येशील ना?”

ती बत्तीस वर्षांची होती आणि तिचा आवाज पहिल्यांदा बालवाडीत सोडलं तेव्हासारखा झाला होता. माझी स्वतःची आई मी अकरावीत असताना गेली. माझं बाळंतपण सासरी झालं. कळा सुरू झाल्या तेव्हा माझ्याजवळ माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. केतकीच्या वेळी मी असणार, हे मी तिच्या जन्माच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. दुसरं काही मला आयुष्यात तितक्या जोरात हवं असल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या कॉन्सुलेटमध्ये गेलो. तिथे नेगी नावाचे एक गढवाली अधिकारी होते. पन्नाशीचे, शांत, डोक्यावर लोकरी टोपी. आधी हे त्यांच्या खिडकीशी जाऊन पंधरा मिनिटं बोलले. मला म्हणाले, “तू बस, मी बघतो.” मी बसले. यांनी एक फॉर्म घेतला, माझी माहिती स्वतःच्या अक्षरात भरली आणि माझ्यापुढे धरला.

“सही कर इथे.”

“कसला फॉर्म आहे?”

“तुझ्या पासपोर्टचाच. कर लवकर, मागे लोक आहेत.”

न वाचता सही करायची सवय मला नव्हती. मी पर्समधून चष्मा काढला. तो पासपोर्टचा फॉर्म नव्हता. इमर्जन्सी सर्टिफिकेटचा होता. त्या कागदावर माणसाला फक्त भारतात परत जाता येतं, एकदा, एका दिशेने.

मी सरळ खिडकीशी गेले. “साहेब, यावर स्कॉटलंडला जाता येतं?”

“नहीं मॅडम,” नेगी म्हणाले. “इस पे सिर्फ घर जा सकते हैं. परसों मिल जाएगा.”

“आणि नवा पासपोर्ट इथेच काढायचा म्हटला तर?”

त्यांनी यांच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. मिरजेच्या पोलिसांकडून चौकशीचा अहवाल यावा लागतो, त्याला दहा-बारा दिवस धरा, असं त्यांनी सांगितलं. पुढे ब्रिटनचा व्हिसा. जुना व्हिसा पासपोर्टबरोबरच गेला, तेव्हा इथूनच नवा अर्ज. त्याला तीन आठवडे, नशीब असेल तर कमी.

“बघ,” हे म्हणाले. “म्हणूनच मी हा फॉर्म घेतला. घरी जाऊ, तिथे शांतपणे पासपोर्ट काढू, व्हिसा काढू, मग जाऊ केतकीकडे.”

“मग म्हणजे कधी?”

“दोनेक महिने.”

“बाळ दोन महिने थांबणार आहे?”

“अगं, आता आपल्यावेळसारखं राहिलंय का? तिकडे सगळ्या सोयी असतात. आणि तुला एकटीला परत पाठवतोय का मी? मीही येतोय ना तुझ्याबरोबर.”

शेवटचं वाक्य यांनी अशा सुरात म्हटलं, की मी आभारच मानायला हवे होते. मी फॉर्मकडे पाहिलं. माझं नाव, माझी जन्मतारीख, माझ्या उजव्या भुवईवरची खूण, सगळं यांच्या अक्षरात. माझ्या मुलीच्या बाळंतपणाला मी जायचं नाही, हे यांनी पंधरा मिनिटांत ठरवून, भरून, सहीपुरतं माझ्यापुढे धरलं होतं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं शाळेतल्या पोरी म्हणायच्या. पण तो राग निराळा. त्या दिवशी मी शांत झाले. मला स्वतःलाच त्या शांतपणाची भीती वाटली.

“तुम्हाला कुणी अडवलंय?” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“तुमच्याकडे पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, परवाच्या विमानाचं तिकीट आहे. तुम्ही जा.”

“मी?” हे हसले. “मी एकटा जाऊन काय करू?”

“बाळंतपण.”

नेगींनी टोपी काढली, परत घातली आणि समोरच्या रजिस्टरमध्ये डोकं खुपसलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईला मराठी येत नसावं, पण तीही दोन पावलं मागे सरकली.

“काहीतरी बोलू नकोस,” हे खालच्या आवाजात म्हणाले. “मला साधं दूध कुठल्या पातेल्यात तापवतात ते माहीत नाही.”

“तेहतीस वर्षांत विचारलं नाहीत. आता विचारा.”

“लोक काय म्हणतील? मुलीच्या बाळंतपणाला बाप?”

“लोक म्हणतील आई वेंधळी होती.”

मी तो फॉर्म खिडकीतून परत दिला आणि म्हटलं, “साहेब, मला नव्या पासपोर्टचा फॉर्म द्या.”

“मॅडम, पुराने पासपोर्ट की झेरॉक्स है?”

मी पर्सच्या अस्तराचा टाका उसवला. जायच्या आधी मीच तो घातला होता, आणि तेव्हा हे हसले होते, की परदेशात चाललीस की बोर्डाच्या परीक्षेला? पासपोर्टचं पहिलं पान, शेवटचं पान, व्हिसाचं पान, सगळ्याच्या दोन-दोन प्रती, सहा फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा. नेगींनी एकेक कागद उलटून पाहिला.

“कमाल है मॅडम,” ते म्हणाले. “बहुतों के पास तो पासपोर्ट का नंबर भी नहीं होता.”

मी यांच्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

पुढचे दोन दिवस हे माझ्याशी आधी रागाने बोलले, मग समजुतीने, मग अजिबात नाही. निघायच्या दिवशी बॅग भरता भरता वही पुढे केली. “बरं, लिहून दे. काय काय करायचं असतं ते.”

मला लिहून देता आलं असतं. शेपू केव्हा द्यायचा, खीर किती दिवस, अंग कसं चोळायचं, सगळं पाठ होतं. कुणीही शहाणी बाई लिहून देती. मुलगी माझी होती, हाल तिचे होणार होते. पण गळ्यातली ती थैली शर्टाखाली फुगलेली दिसत होती, आणि मी वही बंद करून परत दिली.

“केतकीला विचारा,” मी म्हटलं. “नाहीतर तिथल्या सोयींना विचारा.”

त्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी बरं वाटलं होतं.

हे गेले. नेगींनी सुचवलेल्या एका घरगुती खानावळवजा लॉजमध्ये मी एक खोली घेतली. मालकीण नर्मिनबाई, माझ्याच वयाची विधवा. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही. मी हातवारे करून मुलीचं पोट दाखवलं, विमान दाखवलं, चोर दाखवला. तिने चोराला तुर्कीत ज्या काही शिव्या घातल्या त्या मला शब्दन् शब्द समजल्या. मी तिला सांगायचा प्रयत्न केला, की त्याच्या घरी कोणी बाळंतीण असेल तर लाडू तिच्या तरी अंगी लागोत. ते मात्र तिला कळलं नाही.

पासपोर्ट बाराव्या दिवशी आला. नेगींनी तो खिडकीतून देताना दोन्ही हातांनी दिला. व्हिसाचा अर्ज केला आणि वाट बघत बसले. रोज फोन व्हायचा. “सगळं ठीक आहे,” हे म्हणायचे, आणि फोन ठेवायचे. केतकीला विचारलं, बाबा काय करतात, तर म्हणायची, “आहेत गं, करतात.” मला वाटायचं, माझा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून मुलगी लपवतेय. उपाशी असेल, ओले कपडे वाळत घालत असेल, वर बापाला ताट वाढून देत असेल. माझ्या डोळ्यांपुढे तेच यायचं, आणि मग वही परत केलेला हात आठवायचा.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मी नर्मिनबाईबरोबर शेंगा निवडत बसले होते, तेव्हा फोन वाजला.

“मुलगी झाली,” हे म्हणाले. आवाज बसलेला होता. “दोघी बऱ्या आहेत.”

मी आधी हुश्श केलं. मग विचारलं, “तुम्ही कुठे होतात?”

“आत. इथे येऊ देतात. तिने हात धरून ठेवला होता माझा, नऊ तास. बोटं सुजलीत.”

मी “बरं” म्हटलं. नर्मिनबाईने मला मिठी मारली, गल्लीतल्या चार बायकांना ओरडून सांगितलं. मी हसले, साखर वाटली, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तो हात माझा असायला हवा होता. नऊ तास तिने जी बोटं आवळली, ती माझी सुजायला हवी होती. मला नातीचा आनंद झाला नाही असं नाही. पण आधी राग आला, आणि आनंद त्याच्या मागे उभा राहिला.

मी ॲबर्डीनला पोचले तेव्हा बाळ सतरा दिवसांचं होतं. विमानतळावर तन्मय आला होता. बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने घरी पोचला होता. गाडीत मी त्याला काही विचारलं नाही. घराचं दार केतकीने उघडलं. मी तिला पोटाशी धरलं, मग लांब धरून न्याहाळलं. चेहऱ्यावर तेज होतं, केस तेल लावून विंचरलेले होते. डोक्याला रुमाल बांधला होता, कानात कापूस. सगळं जिथल्या तिथे.

“बाळ कुठंय?”

“आंघोळ चाललीय. चल ना बघायला.”

मी कोट अंगावर तसाच ठेवून तिच्यामागे गेले.

न्हाणीघराच्या टबात हे बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही पाय सरळ पसरलेले, आणि नडग्यांवर ती एवढीशी पालथी. एका हाताची ओंजळ तिच्या कपाळाशी धरून दुसऱ्या हाताने हे पाठीवर पाणी सोडत होते. मग तिला अलगद उताणी केलं, मानेखाली तळवा घातला, काखा धुतल्या, मांड्यांच्या वळ्या धुतल्या. कुठे घाई नाही, कुठे चाचपडणं नाही.

“रोज बाबाच घालतात,” केतकी कौतुकाने म्हणाली. “मला भीतीच वाटते. तू उगाच काळजी करत होतीस आई.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केतकीने माझ्या खांद्याला घट्ट धरलं. तिला ते आनंदाचं वाटलं.

“कुणी शिकवलं?” मी विचारलं.

यांनी मान वर केली. महिन्याभराने भेटत होतो. चेहरा उजळला यांचा, हे मला कबूल करायला हवं. “आलीस? ये ये. शिकवायचं काय त्यात? केतकीला माझी आई घालायची तेव्हा मी रोज दारात उभा राहून बघायचो. नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही, बस.”

केतकीच्या चाळिसाव्या दिवशी सासूबाई धाकट्या दिरांकडे गेल्या होत्या. पुढे केतकीला मी एकटीनेच न्हाऊ घातलं. टाके पिकले होते, खाली बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा एकशे तीन ताप होता. “आज तेवढी हिची आंघोळ बघाल का?” म्हणून विचारलं, तर हे शेजारच्या इनामदारकाकूंना बोलावून घेऊन आले होते, आणि पुन्हा बाहेर पेपर वाचत बसले होते.

“येत होतं, तर मग तेव्हा का नाही घातलीत?”

हे थांबले. खरंच विचार केला यांनी. हातातल्या मगातलं पाणी निथळेपर्यंत विचार केला. मग अगदी सरळपणे, कसलाही कावा नसलेल्या आवाजात म्हणाले, “तेव्हा तू होतीस ना.”

बाळाला गार लागलं असावं, ते रडायला लागलं. आधी कुरकुरलं, मग चेहरा लाल करून तारस्वरात.

“अगं, तो टॉवेल घे,” हे म्हणाले. “धर तिला, धर.”

माझे हात आपोआप पुढे झाले होते. पस्तीस दिवस त्या हातांना दुसरं काही नको होतं. केतकी टॉवेल माझ्याकडे करून उभी होती. मी हात मागे घेतले आणि कोटाच्या खिशात घातले.

“तुम्हीच पुसा,” मी म्हटलं. “मी बघते दारात उभी राहून.”